सौर ऊर्जेने गावाची कमाई वाढते का? दिवसाची लाईट, जमिनीचं भाडं आणि पाण्याचा हिशेब

थंडीचे दिवस. रात्रीचे दोन वाजलेत. गव्हाला पाणी द्यायचंय आणि थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं घेऊन शेतकरी दारं धरायला निघतो. वाटेत साप-विंचवाची भीती, ऊसपट्ट्यात बिबट्याची. मोटार सुरू केली आणि लाईट गेली, तर बांधावर बसून वाट बघायची. सकाळी घरी येऊन झोपायचं म्हटलं तरी दूध डेअरीला घालायचं असतंच.

महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं हे भोगलंय. आता गावागावांत सबस्टेशनजवळ निळ्या पॅनलच्या रांगा उभ्या राहतायत. शेताला दिवसा लाईट मिळेल, वीज स्वस्त होईल, गावाचा विकास होईल, असं सांगितलं जातं. पण सौर वीज आली म्हणजे गावात पैसा येतोच का? येतो तर कुणाच्या खिशात? आणि देशाच्या आर्थिक वाढीचा या पॅनलशी संबंध काय? सोप्या हिशेबाने समजून घेऊ.

आधी वाढ की आधी वीज?

कमाई वाढली की विजेचा वापर वाढतो. घरात आधी बल्ब येतो, मग पंखा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर, कूलर. गावात पिठाची गिरण असते, मग वेल्डिंगचं दुकान येतं, दूध थंड ठेवायचं मशीन येतं. देशाचंही तसंच. भारतात २०१३-१४ मध्ये माणशी वर्षाला ९५७ युनिट वीज वापरली जात होती. २०२३-२४ मध्ये तो आकडा १,३९५ युनिटवर गेला. दहा वर्षांत जवळपास दीडपट.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. वीज भरवशाची नसेल तर कमाई वाढत नाही. दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात कुणी शीतगृह टाकत नाही. मोटार जळाली, डीपी जळाली आणि पंधरा दिवस बदलून आली नाही, तर उभं पीक हातचं जातं. म्हणजे विहिरीत पाणी असूनही उत्पन्न नाही.

आतापर्यंत जगातल्या बहुतेक देशांची वाढ कोळसा, डिझेल, गॅस जाळूनच झाली. वाढ हवी तर धूर सोसावा लागेल, असंच मानलं जायचं. गेल्या काही वर्षांत ते समीकरण सैल झालंय. ब्रिटनचं उदाहरण घ्या. कोळशावरची वीज आणि कारखानदारी जिथे जोरात वाढली, तो हा देश. १९९० पासून त्यांची अर्थव्यवस्था तीन चतुर्थांशाहून जास्त वाढली, पण हवेत सोडला जाणारा कार्बन जवळपास निम्म्यावर आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी कोळशावरचं शेवटचं वीज केंद्र बंद केलं.

सौर वीज स्वस्त झाली कशी?

सुरुवातीला सौर पॅनल फार महाग होते. तो खर्च आधी श्रीमंत देशांनी उचलला. जर्मनीने २००० साली कायदा करून सौर आणि पवन विजेला वीस वर्षं ठरलेला चांगला भाव दिला. मागणी वाढली तसे कारखाने वाढले. पुढे चीनने प्रचंड प्रमाणावर पॅनल बनवायला सुरुवात केली आणि भाव कोसळले.

भारतात २०१० मध्ये केंद्राच्या सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सौर विजेचा सरासरी दर युनिटला सुमारे १२ रुपये निघाला होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडला इथे तोच दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. महाराष्ट्रात गावाजवळच्या लहान प्रकल्पांची वीज आता तीन रुपयांच्या आसपास पडते.

थोडक्यात, पैसेवाल्या देशांनी महाग सौर वीज घेतली, म्हणून ती आपल्याला स्वस्तात मिळतेय. आता तीच स्वस्त वीज आपल्या वाढीला हातभार लावू शकते. दोन्ही गोष्टी अशा बैलजोडीसारख्या एकमेकींना ओढतात.

एक सावधगिरी मात्र हवी. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस अशा इंधनाशिवायची झाली. बातमी खरी आहे. पण क्षमता म्हणजे तयार झालेली वीज नाही. ऊन दिवसाच असतं, वारा कधी असतो कधी नसतो. म्हणून प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या दहा युनिटपैकी सात युनिटच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. रात्री घरातला दिवा लागतो त्यात चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा अजूनही मोठा आहे.

शेतीलाच सौर का?

घराला लाईट रात्री लागते. कारखान्याला चोवीस तास लागते. शेतीच्या मोटारीला मात्र दिवसा लाईट मिळाली तरी भागतं, उलट दिवसाच हवी असते. ऊन जेव्हा कडक, तेव्हाच पिकाला पाणी जास्त लागतं आणि तेव्हाच पॅनल जास्त वीज देतात. त्यामुळे महागड्या बॅटरीशिवाय सौर वीज थेट कामाला येते.

राज्यात ४७ लाखांहून जास्त कृषिपंप ग्राहक आहेत. महावितरणच्या एकूण ग्राहकांत ते साधारण १६ टक्के, पण विजेच्या वापरात सुमारे ३० टक्के. ही वीज दुरून, लांबच लांब तारांमधून आणायला महाग पडते. तिचा भार आजवर दोघांनी उचलला. एक, कारखाने आणि दुकानदार, ज्यांना वीज चढ्या दराने मिळते. दुसरं, राज्याची तिजोरी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. त्यापोटी सरकारने वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा हिशेब धरला आहे.

इथे गावाचा आणि राज्याच्या वाढीचा धागा जुळतो. शेतीला लागणारी वीज गावाजवळच तीन रुपयांत तयार झाली, तर तिजोरीवरचा भार हलका होईल आणि कारखान्यांवरचा बोजा कमी करायला वाव मिळेल. कारखान्याला वीज परवडली तर तो इथे टिकेल आणि तालुक्यातल्या पोरांना काम मिळेल. साखळी लांब आहे, आपोआप पूर्ण होत नाही. पण सुरुवात गावाच्या सबस्टेशनपासूनच होते.

योजना नेमक्या काय आहेत?

गावात दोन योजनांची चर्चा असते आणि बऱ्याच वेळा गल्लत होते.

* मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०: यात शेतकऱ्याच्या विहिरीवर काही बसवत नाहीत. सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज मिळते. मोटार आणि कनेक्शन जुनंच. राज्यात या योजनेतला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगाव इथे २०२४ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट.

* मागेल त्याला सौर कृषी पंप: यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात पॅनल आणि पंप बसतो. शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्याहून जास्त जमीन असेल तर साडेसात एचपीपर्यंत पंप मिळतो.

फोन करून "तुमचा पंप मंजूर झालाय, आत्ताच पैसे पाठवा" असं सांगणारे भामटे आणि सरकारी नावाच्या बनावट वेबसाईट याआधी सापडल्या आहेत. पैसे भरायचे ते अधिकृत पोर्टलवर किंवा महावितरणच्या कार्यालयात खात्री करूनच.

दिवसाच्या लाईटची किंमत

दिवसा आठ तास लाईट मिळाली, तर शेतकऱ्याच्या वहीत ती कुठे दिसते? पहिली बचत डिझेलची. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल खातं. म्हणजे तासाला नव्वदीच्या घरात खर्च. दुसरी बचत मजुरीची. रात्री दारं धरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर जास्त पैसे मागतो. तिसरी बचत पाण्याची. अंधारात वाफा फुटला तर कळत नाही, पाणी वाहून जातं. दिवसा डोळ्यांसमोर असतं.

चौथी गोष्ट वहीत लिहिता येत नाही. घरातला कर्ता माणूस रात्रभर जागला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून नीट काम होतं. घरची बाई रात्रभर दाराकडे डोळे लावून बसत नाही.

गणित असं. पाच एचपीची मोटार साधारण पावणेचार किलोवॅट वीज ओढते. म्हणजे एक मेगावॅटचा प्रकल्प भर दुपारी, कागदावर, अशा अडीचशेहून जास्त मोटारी एकाच वेळी चालवू शकतो. तारांमधली गळती आणि ढगाळ दिवस धरले तर आकडा कमी होतो. तरीही एका गावाचं बरंच शिवार त्यात भिजतं.

एक मेगावॅटचा हिशेब: शंभरातले किती गावात?

आता कळीचा प्रश्न. प्रकल्प गावात उभा राहिला, तर त्याच्या कमाईतलं गावाकडे किती येतं?

एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर, म्हणजे दोन हेक्टरच्या आत-बाहेर जमीन लागते. आपल्याकडच्या उन्हात त्यातून वर्षाला १६ लाख युनिटच्या आसपास वीज तयार होते. तीन रुपये दर धरला तर वर्षाची कमाई सुमारे ४८ लाख रुपये.

योजनेत जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये किंवा जमिनीच्या नोंदणी मूल्याच्या ६ टक्के, यात जे जास्त असेल ते. किमान दर धरला तर दोन हेक्टरचे अडीच लाख रुपये. म्हणजे प्रकल्पाच्या कमाईतल्या शंभर रुपयांपैकी साधारण पाच रुपये जमीनमालकाला.

बाकीचं सगळं कंपनीचा नफा आहे, असंही नाही. एक मेगावॅट उभा करायला काही कोटी रुपये लागतात. कर्जाचे हप्ते, विमा, देखभाल त्यातूनच जाते. पण हा पैसा बहुतांशी गावाबाहेर जातो, हेही खरं. पॅनल बाहेरचे, बँक बाहेरची, कंपनी बाहेरची. बांधकामाच्या काही महिन्यांत मजुरी मिळते. त्यानंतर राखणदार, पॅनल धुणारे, गवत कापणारे अशी बोटांवर मोजण्याइतकी कामं उरतात.

भाड्यात दरवर्षी ३ टक्के वाढ आहे, पण ती पहिल्या वर्षाच्या मूळ दरावर, सरळ पद्धतीने. म्हणजे हेक्टरी दरवर्षी ३,७५० रुपयांची भर. वीस वर्षांनी भाडं दोन लाखांवर जाईल. तेवढ्या काळात महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढली, तर आज शंभर रुपयांना मिळणारी वस्तू तीनशेवीस रुपयांना मिळेल. भाडं दीडपटीच्या थोडं वर आणि बाजार तिपटीच्या वर. करारावर सही करण्याआधी हे गणित घरात बसून मांडायला हवं.

याचा अर्थ जमीन देऊ नये असा नाही. खडकाळ, माळाच्या, पडीक जमिनीला एकरी ५० हजार रुपये बिनधोक मिळत असतील तर ते चांगलंच उत्पन्न आहे. पाऊस पडो न पडो, भाडं ठरलेलं. बागायती जमिनीचा हिशेब मात्र वेगळा निघेल.

योजनेत प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान आहे. ते पैसे आले का आणि कशावर खर्च झाले, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे.

गायरान आणि कोयनेचा धडा

सरकारी जमीन दिली तर भाडं कुणा शेतकऱ्याला मिळत नाही. पण त्या जमिनीवर कुणाचं तरी पोट असतं. गायरानात शेळ्या-मेंढ्या चरतात, भूमिहीन घरं त्यावर जगतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यांचं नुकसान कागदावर दिसत नाही. पर्यायी चराईची जागा ठरल्याशिवाय ठराव केला, तर गावात भांडण ठरलेलंच.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कोयना प्रकल्पही पाण्यावरचा, धुराशिवायचा. आज त्याची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. साठच्या दशकापासून त्या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, राज्य श्रीमंत झालं. पण शिवसागराच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्या प्रकल्पग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांना पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली. वीज स्वच्छ होती, वाढही झाली. ज्यांच्या जमिनीवर ती उभी राहिली, त्यांच्या वाट्याला ती पुरेशी आली नाही.

फुकटच्या उन्हाने विहीर आटेल का?

दुसरा धोका पाण्याचा. डिझेल महाग असतं तेव्हा शेतकरी इंजिन जपून चालवतो. स्वतःच्या रानात सौर पंप बसला की एकदाचा खर्च झाला, पुढचं पाणी फुकट. सकाळी ऊन आलं की पंप सुरू, मावळतीला बंद. ज्या तालुक्यांत बोअर आधीच पाचशे फुटांखाली गेलेत, तिथे असा पंप दोन वर्षं चांगलं उत्पन्न देईल आणि तिसऱ्या वर्षी कोरडा पडेल. मग पॅनलचं काय करायचं?

यावर गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने एक वाट दाखवली. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली. त्यांचे पॅनल वीज कंपनीच्या तारेला जोडले. पाणी लागेल तेव्हा पंप चालवायचा, नको असेल तेव्हा वीज विकायची. वीज कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे दर दिला. एका आंतरराष्ट्रीय जल संशोधन संस्थेने सुरुवातीला वर बोनसही दिला. उरलेली वीज विकून पैसे मिळणार म्हटल्यावर शेतकरी पाणी उगाच उपसत नाही. ऊन हेच एक पीक झालं.

आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट कळायला अवघड नाही. साखर कारखाने, दूध संघ सहकारातूनच उभे राहिले. दहा-वीस खातेदारांनी मिळून स्वतःच्या जमिनीवर प्रकल्प उभारायची मुभा केंद्राच्या कुसुम योजनेतही आहे. भांडवल आणि बँकेचं कर्ज हा त्यातला अवघड भाग आहे. पण भाडेकरू कंपनी आणि मालक शेतकरी याऐवजी शेतकरीच वीज उत्पादक झाला, तर शंभरातले पाच रुपये नक्कीच वाढतील.

आणि पाण्याची शिस्त आपल्याकडेही आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. सौर पंपाबरोबर असा ताळेबंद आला, तरच दिवसाची लाईट दहा वर्षांनीही उपयोगी पडेल.

नुसतं पाणी उपसून वाढ होत नाही

वीज मोटारीपुरतीच राहिली तर गाव कांदा, टोमॅटो जास्त पिकवेल आणि भाव पडल्यावर रस्त्यावर ओतेल. खरी कमाई मालावर प्रक्रिया केली की होते. छत्रपती संभाजीनगरची एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी गावातल्या महिलांना सौर ड्रायर देऊन भाजीपाला वाळवून घेते. वाया जाणारा माल टिकतो आणि बाईच्या हातात घरबसल्या पैसे येतात. २०२३ मध्ये या कामाला अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

दिवसाची भरवशाची लाईट असेल तर डाळमिल, तेलघाणा, मिरची कांडप, दूध शीतकरण असे उद्योग गावात चालू शकतात. त्यात बचत गटाला, शिकून घरी बसलेल्या पोराला काम मिळतं. पॅनल धुण्याच्या दोन-चार नोकऱ्यांपेक्षा हे काम कितीतरी मोठं आहे.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत आला की हात वर करून एवढं तरी विचारावं:

१. आपल्या फिडरला दिवसा किती तास आणि कोणत्या वेळेत लाईट मिळणार? ढगाळ दिवसांत, पावसाळ्यात काय?
२. जमीन कुणाची आहे? गायरान असेल तर जनावरांना चारण्याची पर्यायी जागा कुठे?
३. करार किती वर्षांचा? भाडं कोणत्या तारखेला खात्यात येणार? कंपनी बदलली किंवा बुडाली तर भाड्याची जबाबदारी कुणाची?
४. मुदत संपल्यावर पॅनल आणि काँक्रीटचे खांब कोण काढणार? जमीन पुन्हा पिकाऊ करून कोण देणार?
५. ग्रामपंचायतीचं अनुदान कुठे खर्च होणार?
६. देखभालीच्या कामात गावातल्या किती जणांना घेणार? त्यांना प्रशिक्षण मिळणार का?
७. गावाचा पाण्याचा ताळेबंद झाला आहे का?

उत्तरं तोंडी नकोत. ठरावात लिहून घ्यायला हवीत.

सौर विजेमुळे रात्रीचं दारं धरणं थांबलं, तर तेवढ्याने सुद्धा लाखो घरांचं भलं होईल. ते होईलच, अशी चिन्हं आहेत. पण देशाची आणि राज्याची वाढ गावात किती मुरते, हे उन्हावर ठरत नाही. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण पाणी मुरतं ते बांध घातलेल्या शिवारात. सौर विजेच्या पैशाचंही तसंच आहे. तो बांध ग्रामसभेच्या ठरावात आणि कराराच्या कागदात घालावा लागतो, आणि तोही सही करण्याआधी.